रामधन यंदा जाते का?

पुण्यातली नोकरी सुटली तेव्हा रविकांत आसेगावजवळच्या आपल्या तांड्यावर परत आला, आणि हात रिकामे नकोत म्हणून त्याने एक वेबसाइट बांधायला घेतली. खेळच होता तो. कुणीही एक प्रश्न टाकावा, बाकीच्यांनी त्यावर 'होय' नाहीतर 'नाही' विकत घ्यावं. पैसे नाहीत, नुसत्या कवड्या, त्याही रविकांतनेच फुकट वाटलेल्या. होय घेणारे वाढले की होयचा भाव शंभराकडे चढायचा, नाही घेणारे वाढले की उतरायचा. भाव पाहिला की लोकांच्या मनात काय आहे ते कळावं. कुणी काय घेतलं तेही नावासकट दिसे, कारण लपूनछपून काही नको असा त्याचा बाणा. पुणे पाहून आलेल्यांना असले बाणे परवडतात.

खेळ तांड्यात तणासारखा पसरला. जळालेली विजेची डीपी दिवाळीआधी बदलून मिळेल का? नवे गुरुजी टिकतील का? मंदिराच्या ओट्यावर माणसं मोबाइल नाचवत भावावरून भांडू लागली, आणि रविकांतच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

त्याचा बाप रामधन दरवर्षी बायकोला, हिरीबाईला, घेऊन सांगलीकडे ऊसतोडीला जाई. यंदा श्रावणात त्याच्या छातीत कळ आली, अॅम्ब्युलन्समधून वाशिमला न्यावं लागलं. हृदय थकलंय, उसाची मोळी डोक्यावर घ्यायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. बा आता घरी बसेल, हे रविकांतने तिथेच ठरवून टाकलं. बाला विचारायचं मात्र त्याला सुचलं नाही.

दसऱ्याच्या सुमाराला मुकादम धरमसिंगच्या पुतण्याने, मुन्नाने, प्रश्न टाकला: "रामधन यंदा जाते का?" म्हणजे ऊसतोडीच्या टोळीबरोबर. रविकांतनेही तसाच वाचला आणि सोडून दिला. पण होयचा भाव चढत चढत नव्वदावर गेला तेव्हा तो चमकला. खाली कुण्या रिकामटेकड्याने लिहिलं होतं, "तोंडावर सूज हाय. दिवाई पाहात नाई." रविकांतने प्रश्न पुन्हा वाचला, तेव्हा 'जाते'चा अर्थच बदलला. म्हणजे तांडा बाच्या मरणावर कवड्या लावून राहिलाय, तेही आपण बांधलेल्या खेळात!

प्रश्न पुसून टाकला असता तर विषय संपला असता. पण संतापलेल्या माणसाला विषय संपवायचा नसतो, जिंकायचा असतो. मालक तोच. त्याने स्वतःच्या नावावर पोतंभर कवड्या टाकल्या आणि त्या सगळ्या कवड्यांचं 'नाही' घेतलं. भाव दहावर आपटला. माझा बाप जात नाही, असं तो दात खाऊन मोबाइलला म्हणाला.

होय कुणी घेतलंय, ते पाहायचं त्या रागात राहूनच गेलं. पहिलं नाव रामधनचं होतं. मंजूच्या, म्हणजे धाकट्या लेकीच्या फोनवरून त्याने हौसेने आपल्या सगळ्या कवड्या होयवर लावल्या होत्या. खुद्द रामधनच जातो म्हणतो म्हटल्यावर तांडाही त्याच्या मागे गेला होता.

दुसऱ्या दिवशी जेवताना रामधनने विचारलं, "काहून रे, तू माह्यावर नाही घेतलं? मंजूनं दाखोलं मले. म्या सोता होय म्हटलं, साऱ्या तांड्यानं होय म्हटलं. माह्या पोरानं एकट्यानं नाही म्हटलं. तुले वाटते, बा कामातून गेला?"

रविकांतला सगळा घोळ तेव्हा उमगला. लोक तुझं मरण विचारतायत असं वाटलं रे बा, एवढंच सांगायचं होतं. पण छातीचं दुखणं घेऊन समोर जेवत बसलेल्या बापापुढे असलं अभद्र कुठल्या तोंडाने काढणार?

"डॉक्टरनं सांगतलं ना, बा," असं पुटपुटून त्याने मान खाली घातली.

"डॉक्टरनं नाई, तू सांगतलं," म्हणत रामधन ताटावरून उठला.

टोळी निघाली त्या सकाळी रविकांत ट्रकला आडवा झाला, हातापाया पडला, धरमसिंगशी भांडला. "तो येतो म्हंते, मी काय त्याले बांधून ठिवू?" धरमसिंग म्हणाला. हिरीबाई मुकाट्याने नवऱ्याशेजारी चढली. ऊसतोडीला जोडी लागते. रामधनने लेकाकडे वळूनही पाहिलं नाही.

दिवाळीनंतर फोन आला. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढताना रामधन कोसळला होता, आणि दवाखान्यापर्यंतही पोचला नाही. हिरीबाई त्याला घेऊनच घरी आली.

तेरावं झाल्यावर मुन्ना दारात येऊन खाली मान घालून म्हणाला, "दादा, तो सवाल उघडाच हाय."

रविकांतने साइट उघडली. निकाल मालकानेच लावायचा असे. प्रश्न कसाही वाचला तरी उत्तर एकच होतं. त्याने 'होय' दाबलं. कवड्या वाटल्या गेल्या, सगळ्यांत जास्त रामधनच्या नावावर. रविकांतला हुंदका आवरेना.

शेजारी बसलेली हिरीबाई हे पाहत होती. "तू तवा नाही कायले घेतलं होतं रे?" तिने विचारलं.

आता कुणाला जपायचं उरलं नव्हतं. त्याने सगळं सांगितलं.

हिरीबाईने पदराने त्याचं तोंड पुसलं. मग म्हणाली, "तवाच बोलाचं होतं ना, बाप्पा. मरनाचं नाव घेतल्यानं कोनी मरत नाई. हासला असता तो. अन् बसला असता घरी."