देवीचा टाक आणि अर्धी गोळी

कुंटे बाई गोळ्या अडकित्त्यानं कातरायच्या. बी.ए.साठी मी शहरात, थाटीपुर भागात त्यांच्या मागच्या खोलीत राहायला गेले, तेव्हा पहिल्याच सकाळी हे दृश्य दिसलं. सुजलेल्या बोटांत अडकित्ता धरून त्या एक पांढरी गोळी सुपारीसारखी दुभंगत होत्या. मी मदतीला हात पुढे केला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "बाप चक्की चालवतो ना तुझा? पीठ करशील."

मी डबऱ्याची, जवळच्याच लहान गावची. आमच्या घरात कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. बाई शहराच्याच मुरार भागातल्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, विधवा, मूलबाळ नाही. मला इंग्रजी त्यांनी फुकट शिकवलं, मोबदला अपमानात वसूल केला. माझा निबंध वाचून म्हणायच्या, "चक्कीवाली, यात एक वाक्य बरोबर आलंय. ते खोड, बाकीच्यांना वाईट वाटेल." आज मी वर्गात उभी राहून शिकवते ती त्यांच्यामुळे, हे इथे लिहून ठेवते.

त्यांना सांधे सुजवणारा संधिवात होता. स्टिरॉइडमुळे बोटं हलायची, पण चेहरा गोल गरगरीत झाला होता आणि हात दाराला नुसता घासला तरी जांभळे डाग उठायचे. भेटायला आलेली एखादी शेजारीण म्हणाली, "तबियत छान झाली हो तुमची," की बाई हसून म्हणायच्या, "झाली ना? तुमचीही होवो."

पडाव भागातल्या डॉक्टरांनी गोळीचा डोस हळूहळू उतरवायला घेतला होता. मी सोबत जायची. डॉक्टर म्हणाले, "माताजी, एकदम बंद कभी मत करना. जो चीज़ शरीर खुद बनाता था, वो बनाना भूल गया है. धीरे-धीरे याद आएगा. और खाली पेट मत लेना."

बाहेर पडल्यावर बाई मला म्हणाल्या, "ऐकलंस? माझं शरीर तुझ्याच वर्गात बसलंय."

पण त्यांना हळूहळू परवडणारं नव्हतं. कुंट्यांच्या देवघरात देवीचा टाक होता, चांदीच्या पत्र्यावर उठवलेली लहानशी मूर्ती. सासूनं घालून दिलेली रीत अशी, की नवरात्राचे नऊ दिवस जी सून कडक उपवास करील, टाक तिच्याकडे. दिवसभर पाणी, संध्याकाळच्या आरतीनंतर कपभर दूध. त्यात सकाळी भरल्या पोटी घ्यायच्या गोळीला जागा नव्हती. म्हणून नवरात्राआधी गोळी सुटायलाच हवी होती. मुरारला राहणाऱ्या त्यांच्या धाकट्या जाऊबाई, विमलताई, अधूनमधून येऊन टाकाला हळद-कुंकू वाहायच्या आणि म्हणायच्या, "वहिनी, यंदा जमत नसेल तर संकोच नको हो. मी आहे ना."

"तू आहेस म्हणूनच जमवायचंय," बाई म्हणायच्या.

डॉक्टरांना उपवासाचं सांगू या, असं मी सुचवलं. "त्याला विचारलं तर तो नाही म्हणेल," बाई म्हणाल्या. "मग मला ऐकावं लागेल."

डोस जरा उतरला की सांधे आखडायचे. सकाळी ब्लाउजचे हुक मी लावायची आणि त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहायच्या. "हात चालव, दया नको चालवूस." डॉक्टर पुन्हा डोस थोडा वाढवायचे. श्रावण गेला, गणपती गेले, आणि गोळी अर्ध्यावर अडकली ती अडकलीच.

घटस्थापनेच्या सकाळी त्यांनी ती घेतली नाही.

"बाई, गोळी?"

"रिकाम्या पोटी घ्यायची नाही. डॉक्टरचाच हुकूम आहे. हिंदी कळत नाही तुला?"

मी भांडले, रडले, शेवटी विमलताईंना फोन केला. त्या गोड आवाजात म्हणाल्या, "वहिनींची श्रद्धा आहे, बेटा. आपण मध्ये पडू नये."

सुरुवातीला चेहऱ्यावरची सूज किंचित उतरली. आरतीला आलेल्या बायका म्हणाल्या, तेज आलंय. बाईंनी त्या दिवशी आरशात दोनदा पाहिलं. मग ओकाऱ्या सुरू झाल्या, उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. विमलताई म्हणाल्या, "उपवासात होतंच असं. कोण किती पाण्यात आहे ते देवी बघते." अष्टमीच्या आरतीत बाई तबकासकट कोसळल्या. ऑटोत त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मला नाडी सापडत नव्हती.

इस्पितळात सलाइन लागलं, स्टिरॉइडची इंजेक्शनं दिली. तरुण डॉक्टरीण माझ्यावरच ओरडली, "किसने छुड़वाई ये दवा? मर जातीं ये!" शुद्धीवर आल्यावर बाईंनी आधी तिथी विचारली, मग नवा डोस. तो पहिल्या डोसापेक्षाही मोठा होता.

"म्हणजे परत पहिलीत," त्या म्हणाल्या आणि कूस बदलली.

घरी आलो तर देवघरात टाक नव्हता. तो विमलताईंनी मुरारला नेला होता. फोनवर त्या म्हणाल्या, "अष्टमीला उपवास मोडला, वहिनी. सलाइन म्हणजे अन्नच. मी काय करू, रीत सासूबाईंची आहे." बाईंनी फोन माझ्या हातात दिला.

पुढच्या उन्हाळ्यात मी बी.ए. पास झाले आणि पदवीचा कागद त्यांच्यापुढे धरला. "फ्रेम भारीतली घे," बाई म्हणाल्या. "आत काय लिहिलंय ते कुणी वाचत नाही." एवढं म्हणून त्यांनी मला जवळ ओढलं आणि लगेच ढकलून दिलं.

त्यानंतरचं नवरात्र त्यांचं शेवटचं. थंडीत न्युमोनिया झाला आणि त्यातच त्या गेल्या. पण त्या नवरात्रात मी त्यांना विमलताईंच्या घरी पूजेला घेऊन गेले होते. खोली उपवासाच्या बायकांनी भरलेली. बाईंना खाली बसता येत नव्हतं, म्हणून टाकासमोर एकटी त्यांचीच खुर्ची. पूजा संपली आणि विमलताई पोळी-भाजीचं वाढलेलं ताट घेऊन आल्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही जेवून घ्या. तुम्हाला गोळी असते ना. देवी समजून घेते."

काही बायकांनी पदर तोंडाला लावला. मी बाईंकडे बघत राहिले, आता त्या काय बोलतात म्हणून.

बाईंनी ताट मांडीवर घेतलं. न वळणाऱ्या बोटांनी पोळी मोडली आणि जेवल्या, सावकाश, टाकाकडे बघत. मग गोळी काढून गिळली.

विमलताई अजून उभ्याच होत्या. "आणखी वाढू?"

"वाढ," बाई म्हणाल्या.