तलावापलीकडे पोचलेले शब्द

लेकराच्या गळ्याला टाळ्या देणारे गावभर भेटतात, शिकवणारं मात्र कुणी भेटत नाही, ही खंत बाळगून बसलेल्या आईबापांनो, मी दिघोरीला जाऊन आलो ते तुमच्यासाठी ऐका.

नागपूरहून सकाळी निघालो. लाखनीपर्यंत हायवेवर ट्रकच ट्रक. तिथे थांबून तर्री पोहे खा; स्वस्त आणि झणझणीत. पुढचा रस्ता अरुंद, पण दोन्हीकडे पिकलेला धान. एसटी कमी आहेत, स्वतःची गाडी बरी.

दिघोरीत दिवाळीनंतरच्या मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, नाटकाची तयारी चालली होती. नायिका गावचीच सुजाता, की दरवर्षीसारखी नाटक कंपन्यांच्या वडशाहून आणलेली नटी, हे गावचं नाट्यमंडळ त्याच दुपारी ठरवणार होतं. तालमीत सुजाताच्या पहिल्याच सुराला माझ्या अंगावर काटा आला. मी "वा!" म्हणालो.

"भाऊ, वा म्हनू नका," तिला शिकवणाऱ्या, एकेकाळी स्टेज गाजवलेल्या शेवंतामावशी म्हणाल्या. "वा आयकूनच पोरी बिघडून राहिल्या."

मावशींची परीक्षा माइकशिवाय असते. गाणारी तलावाच्या पाळीवर, म्हणजे काठाच्या बांधावर; पलीकडच्या बांधीत, म्हणजे खाचरात, धान कापणाऱ्या बायका. शब्द कळले, तर त्यांनी विळा वर करायचा.

सुजाता गायली. विळे खालीच.

"सूर आला वं! पन काय म्हनून राहिली? तोंडात सुपारी हाय का?" पलीकडून एक बाई ओरडली आणि हशा पिकला.

सुजाताचे डोळे भरले. "मावशी, रोज हेच. मले नाही जमत."

"गळा तुले देवानं देला. शब्द तुलेच घडवा लागन. म्हन पुन्हा."

मावशींनी तिच्या पाठीवर तळहात ठेवला. ओळ संपण्याआधीच तिचा दम संपत होता. श्वास कुठे घ्यायचा, ते तो तळहात हलकेच दाबून सांगत राहिला. पुन्हा. पुन्हा. गुण जन्मजात असतो, मला मान्य आहे. पण त्याला रोज राबवलं नाही, तर तो त्या गुणाचाच अपमान आहे!

मग पलीकडे एक विळा उन्हात चमकला. मागोमाग सगळेच.

"समजलं वं! नवऱ्याले सोडून चालली म्हनते! जा, जा, आमी हाओत!"

मंडळाचे अध्यक्ष पाळीवरच बसले होते. त्यांनी घसा खाकरला. "वडशाले फोन करा. म्हना, यंदा नटी नाही पायजे."

सुजाता मावशींच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. मावशी पदरानं तिचा चेहरा पुसत म्हणाल्या, "उद्या सकाळी लवकर येजो."

परतताना पवनीला वैनगंगेकाठी थोडा वेळ बसलो. घरी आल्यावर प्रवासातलं बरंच विसरलो. पाठीवरचा तो तळहात विसरलो नाही.

यंदा मंडईला जाल, तर एक दिवस आधी जा आणि लेकराला दुपारच्या तालमीत नेऊन बसवा.