दुसरी कॅसेट आणि बाबांचा डबा

माझी पहिली कॅसेट खपली ती माझ्या आवाजावर नाही, हे मी आता बेधडक सांगते. मुंबईच्या कंपनीवाल्यांनी मला नाकात, लाडेलाडे गायला लावलं आणि मी बावळट, गायले. इंदूरभर पानाच्या दुकानांतून तीच चिवचिव वाजायची. मला स्वतःचीच शिसारी यायची.

तोवर बाबांची कापडगिरणी बंद पडली होती. ते तिथे टाइमकीपर. फाटकाला कुलूप लागलं तरी रोज डबा घेऊन निघायचे, फाटकासमोर चार जणांबरोबर बसून खायचे आणि पाळी सुटायच्या वेळेला घरी यायचे. दुसऱ्या कॅसेटसाठी मी त्या डब्यावर गाणं लिहिलं आणि माझ्या खऱ्या, जाड आवाजात गायले. "आवाज मर्दाना लगता है," कंपनीचा साहेब म्हणाला. देश खुला होतोय म्हणे, आता रडगाणी कुणाला हवीत! याला कुणी विचारलं होतं? कॅसेट निघाली, पण वर फोटो जुनाच, डोळा मारणारा. बाबांनी एकदा ऐकली, "बरी आहे" म्हणाले आणि पेपर उघडला. साहेबापेक्षा ते मला जास्त लागलं.

त्या वर्षी अनंत चतुर्दशीला बंद गिरणीच्या कामगारांनीही वर्गणी मागून झांकी काढली. गिरणी चालो न चालो, तिचा दिव्यांचा चालता देखावा निघालाच पाहिजे, ही आमच्या गावची रीत. मी त्यांना कॅसेट नेऊन दिली होती. संध्याकाळी झांकी निघाली आणि कर्ण्यातून काय वाजावं? पहिली! ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांनीसुद्धा! माझं डोकंच फिरलं. गर्दीत घुसून मी झांकी सांभाळणाऱ्या काकांना गाठलं. ते बाबांच्याच गिरणीतले.

"काका, माझी दुसरी कॅसेट फेकून दिली का?"

"अरे बेटा, लावली होती ना! आम्ही शेडमधे बल्ब जोडत होतो. सगळेच्या सगळे हातातलं टाकून बसून गेले. झांकी टाइम पे निकालनी थी की नहीं?" मग म्हणाले, "आणि तुझे बाबा तर बंदच करू देईनात. तीनदा उलटी फिरवून तेच डब्याचं गाणं लावलं त्यांनी."

बाबा पुढे गर्दी हटवत चालले होते. मी हाक मारली नाही. बरी आहे म्हणे! घरी सांगायला तोंड नव्हतं का त्यांना? मी रडत होते आणि रागही तेवढाच येत होता.