दादाच्या आखणीचा साचा

पेणला गणपतींच्या कारखान्यात वाढलेलं माणूस कुणावर विश्वास ठेवत नाही. आज मूर्ती विकत नेणारा उद्या तिच्यावरून साचा काढून बाजारात उभा! माझे वडील, आबा, बाहेरच्या कारागिराला काम दिलं की ते झाल्यावर उरलेला साचा त्याच्या दारातच फोडून यायचे. कुणी वाईट वाटून घेत नसे, धंद्याची रीतच ती.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी माझा थोरला भाऊ गेला. दादा मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करायचा. स्वतःच्या आखणीची चित्रं त्याने स्कॅन करून कॉम्प्युटरवर ठेवली होती, कागद मात्र वाळवीने खाल्ले. म्हणजे दादाचं जे काय उरलं ते त्या खोक्यात. आणि तेच मेलं खरखरायला लागलं.

रोह्याला एक जण कंपनीतली शिफ्ट सांभाळून घरी कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. गाडीत आबांनी खोकं मांडीवर धरलं होतं. कासूला चढलेल्या एकाने विचारलं, "काय हाय ओ त्यात?" आबा म्हणाले, "काय नाय," आणि तोंड फिरवलं.

रोह्याला डिस्क बघून तो दुरुस्तीवाला म्हणाला, "काका, ही आता टिकायची नाय. आधी अख्ख्या डिस्कची इमेज, म्हंजे हुबेहूब नक्कल, माझ्या डिस्कवर घेतो, मग ती नवीन डिस्कवर उतरवतो."

"म्हंजे साचाच की!" आबांनी कान टवकारले. "आणि तो तुझ्याकडं राहणार?"

मलाही तो नको तितका गोडबोल्या वाटला. चहासुद्धा आम्ही आळीपाळीने प्यायलो, म्हणजे एकाची तरी नजर त्याच्या हातावर राहावी. इमेज झाली, नव्या डिस्कवर उतरली, दादाची चित्रं पडद्यावर आली. लगेच आबा म्हणाले, "आता तुझ्याकडची पूस. माझ्यासमोर."

"काका, राहू द्या काही दिवस. नवीन डिस्क कधी दगा देईल सांगता येत नाय."

"पूस म्हटलं ना!"

त्याने चार कळा दाबल्या आणि म्हणाला, "पुसली." त्याचा चेहरा मला मुळीच पटला नाही. परतताना आबांना म्हटलं, "चोर आहे मेला."

पावसाळ्यात नवी डिस्क बंद पडली. जुनी तर कधीच गेली होती. आबांनी अन्न टाकलं. "मीच फोडला गो साचा, मीच," एवढंच घोकत बसायचे. आता हेही हातचे जातात की काय, या भीतीने माझा जीव अर्धा झाला. शेवटी त्यांना धरूनच रोह्याला नेलं.

सगळं ऐकून त्या माणसाने खाली मान घातली. कपाटातली डिस्क काढून जोडली. "पुसली नव्हती, काका. खोटं बोललो. मारा हवं तर."

पडद्यावर दादाचे डोळे एकेक करून उघडत गेले. आबांनी पुढे होऊन पडद्यावरून बोट फिरवलं. पण जित्याची खोड! वळून त्याच संशयाने विचारलं, "कुणाकुणाला दिलीस?"

"देवाशप्पथ, कुणालाच नाय."

आबांना रडू फुटलं. "द्यायची होतीस रे," ते म्हणाले. "माझ्या पोराच्या हातचे डोळे चार घरांत तरी गेले असते."