चुलीपाशी दिलेला जबाब

त्र्यंबकराव कारकुनांनी जबाब वाचून दाखवला तेव्हा आवडाबाई आधी हसली. तिला वाटले, हे दुसऱ्याच कुणाचा कागद वाचतायत.

"'डोंगरात खैर रग्गड आहे. नदीकडचा भाग ठेकेदारास दिल्यास आम्हांस काही कमी पडणार नाही. आमची तक्रार नाही.' खाली काळुराम कातकरी याची निशाणी, कोयता." त्र्यंबकरावांनी चष्मा काढला. "बरोबर ना रे?"

काळुराम कल्याणच्या कचेरीच्या ओट्याखाली उकिडवा बसला होता. शब्द त्याचेच होते. सहीऐवजी कोयत्याचे चित्रही त्यानेच काढले होते. त्याने बायकोकडे पाहिले आणि आवडाबाईचे हसू जागच्या जागी थिजले.

सन १८८१ च्या हिवाळ्यातली ही गोष्ट. मोहने गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत आवडाबाईची विड्यात घालायच्या काथाची चूल होती. काळुराम खैर तोडी, गाभ्याच्या ढलप्या काढी. पुढचे सगळे काम तिचे. लांब चर खणून त्यावर मांडलेल्या चौदा मडक्यांत ढलप्या उकळायच्या, रस गाळायचा, आटवायचा, वड्या घालायच्या. सोळा हंगाम हेच करून तिचे हात कोपरापर्यंत तांबूस झाले होते. धुतले तरी तसेच.

चूल तिला सासूकडून आली, हौसाबाईकडून. चुलीबरोबर नेमही आला. मडकी विस्तवावर असेतो तिथे "नाही", "कमी", "संपलं" म्हणायचे नाही. चूल ऐकते, मग गाभ्यात काथ उतरत नाही. कुणी काही विचारले तर "रग्गड हाय" म्हणायचे. रडगाणे गायचे असेल तर ओढा ओलांडून पलीकडच्या उंबराखाली जायचे. वाडीतल्या पोराटोरांनाही हे ठाऊक होते. चुलीपाशी कुणी फार जोरात "रग्गड" म्हणाला की काहीतरी खुटलंय हे ओळखून बाकीचे मुकाट ओढ्याकडे चालू लागत.

रेल्वेला लाकूड पुरवणाऱ्या एका ठेकेदाराने डोंगराचा नदीकडचा भाग मागितला होता. खैर उभा होता तो तेवढ्यातच. वर नुसता कातळ आणि करवंदीच्या जाळ्या. देण्याआधी कातकऱ्यांचे म्हणणे ऐकावे असा हुकूम आला. जंगलखात्याचा साहेब सरळ माणूस होता. "त्यांना कचेरीत बोलावू नका, तिथं ते घाबरतात," तो म्हणाला. "आपण त्यांच्या चुलीपाशी जाऊ."

आणि ते आले. साहेब, ठेकेदार, मागे दौत-लेखणी घेऊन त्र्यंबकराव. मडक्यांना ऐन उकळी फुटली होती. आवडाबाईला हातातली पळी सोडता येईना.

"सायेब, वढ्यापल्याड चला," ती म्हणाली. "थंड सावली हाय."

"काम चालू द्या," साहेब मराठीतच म्हणाला. "आम्ही इथंच बसतो."

"उंबर हाय तिकडं. बसाया दगुड हाय."

ठेकेदार हसला. "साहेब, बाई आपल्याला हाकलतेय. धुरानं तुमचं तोंड लाल झालेलं बघवत नाही तिला."

काळुराम तर ओढा ओलांडून पलीकडे गेलाही. वळून पाहतो तो मागे कुणी नाही. तो मुकाट परत आला. साहेबाने एकेक प्रश्न सावकाश, दोनदा विचारला. काळुरामने उत्तरे दिली. प्रत्येक उत्तर आधीच्याहून मोठ्याने.

"साहेबांशी बोललास, त्याची निशाणी कर," त्र्यंबकराव म्हणाले. त्याने कागदावर कोयता काढला.

मंडळी गेल्यावर आवडाबाई निर्धास्त होती. तिच्या लेखी बोलणे अजून झालेच नव्हते. मडकी उतरली की कचेरीत जायचे आणि खरे सांगायचे, की तोडण्याजोगे खैर आता साठसुद्धा नाहीत आणि ते सगळे नदीकडेच आहेत. चौथ्या दिवशी दोघे चालत कल्याणला आली, ती हे सांगायला.

"ते खरं नाय," आवडाबाई ओट्याखालून म्हणाली.

"मग खोटं बोललात? सरकारपुढं?"

"खोटं नाय. चुलीपाशी बोललो." तिने नेम सांगितला. त्र्यंबकरावांनी ऐकून घेतले आणि मान हलवली.

"अगं, साहेबानं दोनदा विचारलं. मी माझ्या कानांनी ऐकलं. आता हे चुलीचं कुणाला पटेल?"

"रावसायेब, तू सकाळी घरून निघतो, तवा बायकोला काय म्हनतो?"

"काय म्हणणार? येतो म्हणतो."

"जातो नाय म्हनत?"

"जातो कसं म्हणायचं? घरातून निघताना..."

"निघालास जायला, म्हनलास येतो. तवा कुनी लिवून घेतलं का? निशाणी घेतली का?"

शेजारचा शिपाई फिस्सकन हसला. त्र्यंबकराव हसले नाहीत. अठरा वर्षांच्या नोकरीत त्यांनी हजारो जबाब लिहिले होते. त्यातल्या एकावरही त्यांचा संशय कधी गेला नव्हता. त्यांनी दौत पुढे ओढली, कोरा कागद घेतला आणि पुरवणी जबाब लिहायला सुरुवात केली. तो दोनदा वाचून दाखवला. या वेळी आवडाबाईनेही निशाणी केली, एक वेडीवाकडी बांगडी.

"होईल ना?" काळुरामने विचारले.

"साहेब पुढच्या तालुक्यात गेलेत. कागद वर पाठवतो," त्र्यंबकराव म्हणाले.

माघ सरत आला तेव्हा ते एकटेच डोंगर चढून आले. मडकी विस्तवावर होती. काळुराम ढलप्या काढत होता. त्र्यंबकराव चुलीपासून दहा पावलांवर उभे राहिले. एरवी खणखणीत बोलणारा माणूस, पण आवाज अगदी खाली आला होता.

"आवडाबाई, जरा ओढ्यापलीकडे येतेस?"

तिची पळी मडक्यातच राहिली. रस उतू जाऊन विस्तवावर चरचरला. काळुराम उठून ओढ्याकडे निघाला होता, त्याला तिने हाताने थांबवले.

"हितंच सांग," ती म्हणाली.

"अगं, पण इथं..."

"सांग. खैर तुमी नेलं. आता या चुलीनं ऐकलं तरी काय व्हायचं राहिलंय?"

त्र्यंबकरावांनी खिशातला कागद काढला, उलगडला. पहिला जबाब जागेवर, साहेबासमक्ष झालेला, म्हणून तोच ग्राह्य धरून नदीकडचा भाग ठेकेदारास दिला होता. चैत्राच्या पहिल्या दिवसापासून नदीकडच्या भागात कोयता न्यायचा नाही. एवढेच वाचायचे होते. त्यांनी चुलीकडे पाहिले, चौदा मडक्यांकडे पाहिले.

त्यांनी न वाचताच कागदाची घडी घातली आणि तो हातात धरून ओढ्याकडे चालू लागले. आवडाबाई मागे गेली नाही. तिने जळती लाकडे एकेक करून चरातून बाहेर ओढायला सुरुवात केली.