नानांची शाकाहारी मनी

जनावरांच्या डॉक्टरकडे किस्से आपोआप साठतात. पेशंटला बोलता येत नाही आणि त्याला घेऊन येणारा खरं सांगेलच असं नाही. तळेगावात दवाखाना टाकल्यापासून माझा पहिला प्रश्न ठरलेला, "खायला काय घालता?" उत्तर ऐकलं की माझा गोंधळ सुरू होतो.

*

सुदुंबऱ्याचे एक आबा कुत्रा घेऊन आले. बरगड्या दिसत होत्या, कारण बिचारा नुसत्या चहा-भाकरीवर. मी सांगितलं, भाकरी चालेल, पण सोबत अंडी, मटणाचे तुकडे असं काहीतरी हवं. तूर्तास कुत्र्याच्या तयार खाण्याची पिशवी दिली. काही दिवसांनी आबा परत आले, कुत्रा तसाच.

"पिशवी संपली का आबा?"

"कवाच. पर ह्यो शिवलाच न्हाई त्याला. कोंबड्यांनी खाल्लं समदं. कोंबड्या लय झ्याक झाल्यात मॅडम, आजून एक द्या."

मी म्हटलं, मग त्या कोंबड्यांची अंडी तरी याला उकडून घाला. आबांनी घातली आणि कुत्रा सुधारला. पण हा इलाज माझा की कोंबड्यांचा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

*

तुंगार्लीच्या एका बंगल्यात जाडजूड लॅब्राडोर आहे. मालक मुंबईला, कुत्रा सांभाळणाऱ्या मावशींकडे. मी खाणं निम्म्यावर आणलं आणि रोज संध्याकाळी तलावाला एक चक्कर सांगितली. तरी वजन वाढतच चाललं. मावशी खाणं अगदी मोजून घालत होत्या, मी स्वतः पाहिलं.

शेवटी एकदा चकरेला मीही सोबत गेले. तलावाकाठी पर्यटकांच्या गाड्या लागलेल्या. कुत्रा प्रत्येक गाडीपाशी बसायचा, डोळे बारीक करायचा आणि भजी, वेफर्स, चिक्की जे मिळेल ते खाऊन पुढच्या गाडीकडे जायचा. मावशी कौतुकानं बघत उभ्या.

"मॅडम, वजन काय उतरंना," त्या म्हणाल्या. "आता दोन चकरा मारू का?"

*

पण खरा गोंधळ घातला तो नानांच्या मनीनं.

नाना, नानी आणि त्यांची सून प्राजक्ता, तिघं मिळून तिला घेऊन आले. मनी दाराला धडकायला लागली होती, खिडकीवर उडी मारताना चुकत होती. खाणं विचारलं तर नाना ताठ मानेनं म्हणाले, "दूधभात. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही."

मी समजावलं. कुत्रा एक वेळ निभावून नेईल, मांजराला मांस-मासे लागतातच. त्यातला एक घटक तिच्या अंगात पुरेसा तयार होत नाही. तो मिळाला नाही तर डोळे जातात, हृदयही जातं. "गेलेली नजर येणार नाही. उरलेली वाचवायची असेल तर आजपासून खाणं बदला. मासे नको असतील तर मांजरांचं तयार खाणं आणा."

"पाकिटावर मासा असतो," नाना म्हणाले. "ते जमणार नाही."

नानींनी मनीला पदरात घेतलं आणि डोळे पुसले. मला इतका राग आला की मी सरळ पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

दुसऱ्या दिवशी नानींचा फोन. त्या शेजारच्या शबानाभाभींकडे मनीला उकडलेलं चिकन भरवणार होत्या. "ह्यांना कळू देऊ नका." दुपारी प्राजक्ताचा फोन. तिनं तयार खाणं आणून स्कूटरच्या डिकीत ठेवलं होतं. "घरात बोलू नका हं." संध्याकाळी दवाखाना बंद करताना स्वतः नाना दारात उभे. हातात पिशवी, पिशवीत बांगडा.

"यातले काटे कसे काढायचे?" त्यांनी हळूच विचारलं. "आणि हे आपल्या दोघांतच."

मी तिघांनाही शब्द दिला. इलाज तर सुरू झाला होता, पण मनी नक्की किती खातेय, याचा मला पत्ता नव्हता.

पुढच्या तपासणीला तिघं आले. नजर तेवढ्यावर थांबली होती. मनी मात्र भोपळ्यासारखी झाली होती. मी सगळ्यांकडे बघत म्हटलं, "खाणं जरा कमी करा." तिघांनीही आपापली मान हलवली.

"बघा, दूधभातावर कशी झालीये," नाना म्हणाले. नानी आणि प्राजक्ता लगेच हो म्हणाल्या. नाना आणखी खुलले. "चिंचवडला माझ्या भावाकडे मांजर आहे. त्यालाही दूधभातच घालायला सांगितलंय. डॉक्टर, तुम्हीच सांगा त्याला." आणि त्यांनी फोन लावून स्पीकरवर टाकला.

आता एका चांगल्या मांजराचे डोळे माझ्या शब्दावर अवलंबून होते, आणि तिघं माझ्याकडे बघत होते. मी आपला नेहमीचा प्रश्न विचारला.

"आत्तापर्यंत त्याला खायला काय घालत होता?"

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"डॉक्टर," नानांचे भाऊ म्हणाले, "जरा स्पीकर बंद करता का?"