तेवीस खोकी आणि सासरेबुवा

ताडकळसच्या बाजारात माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे आणि समोर रामलिंगचं विहिरीवरच्या पंपाच्या मोटारी दुरुस्त करायचं. गेली पस्तीस वर्षं आम्ही एकमेकांची तोंडं बघत बसलोय. त्यामुळं त्याच्याबद्दल मला जेवढं माहीत आहे तेवढं त्याच्या बायकोलाही नसेल, आणि जे तिला माहीत आहे ते ती मला सांगतेच.

रामलिंगचे सासरे गुरुलिंगअप्पा चारठाण्याचे. त्यांच्याकडं काळ्या रंगाची ऑस्टिन मोटारगाडी होती. निजामाच्या जमान्यातली, हैदराबादच्या एका वकिलाच्या घरातून आलेली. अप्पा ती रोज स्वतः पुसायचे. पोरीचं लग्न झाल्यावर त्यांनी मोठ्या मनानं जावयाला सांगितलं, पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला गाडी घेऊन जा. रामलिंग गेला, दर्शन घेतलं, आणि परतताना त्याला इंजिनात कसलासा खडखडाट ऐकू आला. दुसरा कुणी असता तर गाडी गुमान नेऊन परत केली असती. पण आमचे रामलिंगराव पडले मिस्त्री! पंप उघडतो तर गाडी का न्हाई, म्हणून त्यानं ती दुकानामागं नेऊन उघडली. "आठ दिवसांत जोडून आणतो," असा चारठाण्याला निरोप धाडला. ही १९९५ सालची गोष्ट.

आठ दिवसांत ती आणखी उघडली गेली, एवढंच. शेवटी सगळी गाडी तेवीस खोक्यांत गेली. मोठे पत्रे तेवढे भिंतीला टेकून राहिले.

अप्पांनी भांडण केलं नाही. ते जावयाशी बोलायचेच बंद झाले. जावई म्हणजे मानाचा, म्हणून दर तिसऱ्या वर्षी धोंड्याच्या महिन्यात आमंत्रण यायचं, चांदीच्या ताटात अनारसे यायचे, धोतरजोडी मिळायची. पण समोर बसलेल्या रामलिंगला अप्पा कधी हाक मारायचे नाहीत. "जावयांना म्हणावं, तूप घ्या," असं ते गंगम्माला, म्हणजे सासूबाईंना सांगायचे. एकदा गंगम्मा आत होत्या, तेव्हा त्यांनी हाच निरोप दाराच्या चौकटीला सांगितला. रामलिंगनं तूप घेतलं. परत आल्यावर तो मला म्हणाला, "शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं रे. मानसानं बोलावं तरी!"

गेल्या दसऱ्याला त्याला साठ पुरी झाली आणि अप्पांना अठ्ठ्याऐंशी. यंदाच्या मे महिन्यात धोंडा येणार होता. रामलिंगनं खंडेनवमीच्या पूजेत माझ्यासमोर हात जोडून जाहीर केलं, या धोंड्याला आपण ऑस्टिन घेऊनच चारठाण्याला जाणार, आणि अप्पांना बोलतं करणार.

मी हसलो. मग खोकी उघडली तेव्हा आणखी हसलो.

झालं होतं असं, की सुटं करताना यानं प्रत्येक खोक्यावर आत काय आहे त्याची चिठ्ठी डकवली होती. काम चोख! पण दर खंडेनवमीला तो हत्यारांबरोबर या खोक्यांचीही पूजा करायचा. ओल्या विभूतीचे तीन पट्टे ओढायला प्रत्येक खोक्यावर नेमकी चिठ्ठीचीच जागा सापडायची. तीस वर्षांत चिठ्ठ्यांवर भिंतीसारखा गिलावा चढला होता. वर दर साली नारळ फोडायचा तोही खोक्यांच्या डोक्यावरच.

परभणीच्या आयटीआयमधून रिटायर झालेले धम्मानंद सर मदतीला आले. त्यांनी ब्लेडनं विभूती खरवडली. पहिल्या चिठ्ठीवर निघालं, "डावीकडचे". दुसरीवर, "हे कुठं बसतं ते लक्षात ठेवणे".

"ठेवलंत का?" सरांनी विचारलं.

रामलिंग पंपाकडं बघू लागला.

"आणि या पिस्टनला काय झालंय माहितीय का? तीस नारळांचं पाणी पिऊन बसलंय. तुमची भक्ती लय जड गेली बगा याला."

सात-आठ महिने दोघं मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये असायचे. सर वहीत चित्र काढायचे, रामलिंग हातात लोखंड धरून "हे तर मी बघितलेलं हाय" म्हणायचा. बघितलेलं असणारच, त्यानंच काढलं होतं. तुटलेले भाग परभणीच्या लेथ मशीनवर करून घेतले. सगळ्यात अवघड गेलं बॉनेट. ते वैजयंतीवहिनींनी, म्हणजे रामलिंगच्या बायकोनं, उपडं घालून सांडगे वाळवायला घेतलं होतं.

"वाळवण उरकल्याबिगर पत्रा मिळायचा न्हाई," वहिनी म्हणाल्या.

"अगं, तुज्याच बापाची गाडी हाय!"

"म्हणूनच म्हणायले. तुमच्यापाशी तीस वर्षं पडून काय झालं तिचं?"

एप्रिल संपला तेव्हा बॉनेट आलं.

मे महिन्यात एका सकाळी गाडी सुरू झाली आणि रामलिंग, वहिनी, सर आणि मी असे चौघं निघालो. मी धक्का मारायला लागेन म्हणून. वाटेत तीनदा पाणी उकळलं, तीनदा बोअरवर थांबलो, आणि जिंतूर ओलांडून दुपारी चारठाण्याला पोचलो. गंगम्मांनी आधी गाडीला ओवाळलं, मग जावयाला. अप्पा काठी टेकत बाहेर आले. गाडीभोवती एक फेरी मारली, दार उघडून बघितलं, लावून बघितलं. रामलिंग शाळेत निकालाला पोरगं उभं राहावं तसा उभा.

अप्पा गंगम्माकडं वळले. "जावयांना इचार, ब्रेक हाईत का."

रामलिंगचं तोंड एवढंसं झालं. मला खरंच वाईट वाटलं, आणि म्हाताऱ्याचा रागही आला.

जेवणं झाल्यावर अप्पा जाऊन पुढच्या सीटवर बसले. मी मागं चढलो. रामलिंगनं जिंतूरच्या रस्त्याला गाडी काढली. पहिल्याच वळणावर त्याचा गिअर चुकला आणि इंजिनातून असा आवाज आला की कडेची शेळी पळाली.

"अरे ए! गिअर हाय का पंपाचा दांडा? क्लच दाब, क्लच! म्होरं म्हैस हाय, दिसत न्हाई तुला? तीस वर्सं काय केलास रं मूर्खा? माज्या गाडीची भाजी करून ठिवलास आन् वर माज्या घरी येऊन अनारसे खातूस!"

मी मागं सीट धरून बसलो. जावयाला अरे-तुरे! आमच्याकडं एवढ्यावरून सोयरीक तुटते. पण आरशात बघतो तर रामलिंगच्या डोळ्यांतून पाणी चाललेलं आणि दात बाहेर. अप्पा जिंतूरपर्यंत थांबले नाहीत. एकेक साल काढून त्याचा हिशोब मांडला.

परतीला मात्र रामलिंगचा हात बसला. गाडी सुरळीत चालली, अप्पांना बोलायला काही उरलं नाही, ते बाहेर बघत राहिले. एक मैल गेला, दोन गेले. रामलिंग पुन्हा पुन्हा त्यांच्याकडं बघायला लागला. मग मोकळ्या, सरळ रस्त्यावर, समोर ना म्हैस ना माणूस, त्यानं जाणूनबुजून गिअर चुकवला.

"आता तर नीट चालवत होतास की! काय झालं?"

"चुकलं, अप्पा." रामलिंग म्हणाला. "लय चुकलं."

अप्पांनी गिअरवरच्या त्याच्या हातावर आपला हात ठेवला.

"चुकलं तर चुकलं. दुसरा टाक."